विसावा कधी घ्यायचा, हे चुकांना विचारा

तुमची अडचण मला समजली ती अशी. घरी बसून प्रबंधाचं लेखन चालू आहे. २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विश्रांती असा टायमर लावला, तर जरा तंद्री लागते न लागते तोच घंटा वाजते. टायमर नाही लावला, तर तीन-तीन तास जागचं उठणं होत नाही आणि मग उरलेला दिवस डोकं बधिर. मध्ये थांबावं म्हटलं तर फोन हातात येतो, आणि पाच मिनिटांची चाळीस मिनिटं कधी झाली ते कळत नाही. म्हणून तुम्हाला नक्की प्रमाण हवं आहे: काम किती वेळ आणि विसावा किती वेळ.

सगळ्यांना लागू पडेल असं प्रमाण नाही. सुरुवातीला धरायला काहीतरी हवं म्हणून सकाळी ४५ मिनिटं काम आणि १० मिनिटं विसावा असं धरा, पण ते पंधरा दिवसांपुरतंच. त्यानंतरचा आकडा तुमच्या कामातूनच निघायला हवा, आणि तो काढता येतो. माझ्या व्यवसायामुळे मला तो काढायची वाट सापडली, म्हणून आधी त्याबद्दल लिहिते.

मी बावीस वर्षं मुद्रितशोधन करते आहे. पुस्तक छापायला जाण्याआधी त्याची प्रुफं वाचणं हे माझं काम. या कामात लक्ष कधी ढळलं याचा पुरावा कागदावर राहतो, आणि असं फार थोड्या कामांत होतं. पहिलं वाचन मी करते, दुरुस्त्या होतात, मग दुसरं वाचन दुसरं कोणीतरी करतं. माझ्या नजरेतून सुटलेली चूक त्यांच्या लाल पेनाखाली येते. गठ्ठा परत आला की माझ्या चुका किती, कुठे आणि कशा, हे माझ्यासमोर पडलेलं असतं. सुरुवातीची काही वर्षं मी त्या लाल खुणा नुसत्या मोजत असे आणि पुढच्या वेळी जास्त लक्ष द्यायचं ठरवत असे. एकदा एका जाड ग्रंथाचा गठ्ठा चाळताना लक्षात आलं, की खुणा सगळीकडे सारख्या पसरलेल्या नाहीत. दहा-बारा पानं स्वच्छ, मग तीन-चार पानांत घोळका, परत पानं स्वच्छ.

त्यानंतरच्या कामात मी एवढंच केलं. वाचायला बसले की पानाच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने वेळ लिहायची, उठताना परत लिहायची. दुसरं वाचन होऊन गठ्ठा आला तेव्हा दोन्ही ताडून पाहिलं. सकाळच्या बैठकीत घोळका साधारण पन्नासाव्या मिनिटापासून सुरू होत होता. जेवणानंतर तो पस्तिसाव्या मिनिटालाच यायचा. संध्याकाळी सहानंतरच्या बैठकांत घोळका असा नव्हताच, सगळ्याच पानांवर खुणा होत्या. पण मी हादरले ते वेगळ्याच गोष्टीने. त्या पन्नासाव्या मिनिटाला मला दमल्यासारखं अजिबात वाटलेलं नसायचं. अंग आंबलंय, आता उठावं, असं वाटायचं ते सव्वा-दीड तासाने. मधली पंचवीस-चाळीस मिनिटं मी वाचतच होते, पानंही उलटत होते आणि चुका मात्र सोडत होते.

तुम्हाला सांगायचं आहे ते हेच. दमल्याची जाणीव उशिरा येते, चुका आधी येतात. जाणिवेची वाट बघून घेतलेला विसावा उशिराचा असतो, आणि उशिराच्या विसाव्याला वेळही जास्त लागतो. तुमचा तीन तासांनंतरचा बधिरपणा त्यातलाच आहे.

हा अनुभव माझ्या एकटीचा नाही. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावर नजर लावून बसलेली माणसं थोड्या वेळाने स्पष्ट दिसणाऱ्या खुणाही सोडू लागतात, असं आढळलं होतं. नॉर्मन मॅकवर्थ या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने ते तपासायला एक खास घड्याळ केलं. कोरी पांढरी तबकडी, तिच्यावर दर सेकंदाला एक घर सरकणारा काळा काटा. मधूनच तो एकदम दोन घरं उडी मारायचा. उडी दिसली की बटण दाबायचं, आणि हे दोन तास. त्याचे निष्कर्ष १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या अर्ध्या तासातच उड्या सुटायला लागत होत्या. अर्धा तास काम आणि अर्धा तास सुट्टी अशी आलटून पालटून पाळी लावली, की ही घसरण थांबायची.

पण हे वाचून लगेच अर्ध्या तासाचा टायमर लावू नका. तुमच्या लेखनाची जात वेगळी आहे. काही काम पहाऱ्याचं असतं: प्रुफं वाचणं, हिशेब ताडून बघणं, पडद्यावर नजर ठेवणं. त्यात पहिल्याच मिनिटाला माणूस पूर्ण ताकदीने असतो आणि तिथून उतरत जातो. रचण्याच्या कामाचं उलट असतं. तुम्ही प्रकरण उघडता, काल लिहिलेलं वाचता, तो मुद्दा तिथे का घेतला होता ते आठवता, टिपणं शोधता. पहिलं धड वाक्य उतरेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. त्यावर पंचविसाव्या मिनिटाला उठायचं म्हणजे आधण यायच्या आत भांडं उतरवण्यासारखं. मग परत तेच आधण ठेवायचं. दिवसभर आठ-दहा वेळा तापायचं आणि एकदाही उकळी यायची नाही, असं होतं. तुमची चिडचिड होते ती रास्त आहे. तुमच्यात शिस्त नाही असं समजू नका.

मग ही २५ मिनिटांची पद्धत चूक आहे का? नाही, पण ती कशासाठी निघाली ते बघा. १९८०च्या दशकाच्या अखेरीस विद्यापीठात शिकणाऱ्या फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या एका विद्यार्थ्याचं अभ्यासात मन लागत नव्हतं. दहा मिनिटं तरी आपल्याला खरा अभ्यास जमतो का, असं त्याने स्वतःला आव्हान दिलं आणि स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं टायमर घड्याळ समोर ठेवलं. इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोडोरो म्हणतात, म्हणून या पद्धतीचं नाव पोमोडोरो. पुढे त्याने ती पद्धत नीट बांधली: २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विसावा, अशा चार फेऱ्या झाल्या की १५ ते ३० मिनिटांची मोठी सुट्टी. मुळात हे औषध सुरुवात होत नसलेल्या माणसाचं आहे, आणि त्या दुखण्यावर ते फार चांगलं आहे. नावडतं काम, टाळलेलं काम, कुठून धरावं ते कळत नाही असं काम समोर असेल, तर मी आजही २५ मिनिटंच लावते. लिहिता लिहिता रंगलेल्या माणसाला मात्र तेच औषध बाधतं.

दुसरे जे आकडे तुमच्या वाचनात येतील, तेही असेच पारखून घ्या. ५२ मिनिटं काम आणि १७ मिनिटं विश्रांती हा आकडा २०१४ मध्ये खूप फिरला. कामाचा वेळ मोजणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या सर्वात कार्यक्षम वापरकर्त्यांची ती सरासरी होती. त्याच कंपनीने २०२१ मध्ये पुन्हा मोजलं तेव्हा ११२ आणि २६ आलं. माणसाचा मेंदू सात वर्षांत दुप्पट टिकाऊ झाला नाही. कामाच्या जागा बदलल्या, सवयी बदलल्या, म्हणून सरासरी बदलली. ९० मिनिटांचा आकडा नॅथॅनियल क्लाइटमन या निद्रासंशोधकाच्या कल्पनेवरून आला. झोपेत साधारण दीड तासाचं चक्र चालतं, आणि तेच दिवसाही चालू राहत असावं असं त्यांचं म्हणणं होतं. झोपेतलं चक्र पक्कं आहे, पण जागेपणी ते तितक्या नेमाने सापडत नाही. तेव्हा तुम्ही साठाव्या मिनिटाला थकलात तर चक्र मोडलं असं मानून घाबरू नका.

मला या सगळ्यात कामाचा वाटलेला अभ्यास व्हायोलिन वाजवणाऱ्यांचा आहे. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या विद्यार्थ्यांचा दिवस कसा जातो ते तपासलं आणि १९९३ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यातले चांगले वादक एकट्याचा रियाज तास-दीड तासाच्या बैठकांत करायचे, मध्ये थांबायचे, बहुतेक रियाज सकाळी उरकायचे आणि दुपारी बऱ्याचदा झोपायचे. लोक यातून तास-दीड तासाची बैठक उचलतात. मी दिवसाची बेरीज उचलली. तरुण, निरोगी, त्याच एका गोष्टीला वाहून घेतलेली ही माणसं रोज साडेतीन-चार तासच असा पूर्ण लक्षाचा रियाज करत होती. तुम्ही आठ तास लेखनाचे आखत असाल, तर मधल्या विसाव्याची कितीही बारीक जुळवाजुळव केलीत तरी ते जमायचं नाही. तीन बैठका चांगल्या झाल्या तर दिवस चांगला गेला असं समजा. चौथी झाली तर उत्तमच. उरलेला वेळ इतर कामांचा.

आता आपला आकडा कसा ओळखायचा? माझ्याकडे लाल पेन होतं, तुमच्याकडे नाही. पण रचण्याच्या कामातही चुका खुणा सोडतात. एकच ओळ दुसऱ्यांदा वाचावी लागते, नजर पुढे जाते आणि डोक्यात काही शिरत नाही. लिहिलेलं वाक्य तीनदा फिरवून परत पहिल्यासारखंच करता. मुद्दा सोडून समासाची रुंदी, अक्षरांचा आकार, फायलींची नावं असल्या गोष्टींत हात रमतो. शेजारच्या खोलीतला जो आवाज तासभर ऐकूच आला नव्हता, तो एकाएकी असह्य होतो. यातली कोणतीही खूण पहिल्यांदा दिसली, की घड्याळ बघून वहीत तेवढी वेळ टिपा.

एक खूण मात्र फसवी आहे, तिच्याबद्दल जरा जास्त सांगायला हवं. कधी कधी थकव्यात काम भराभर होतंय असं वाटतं. प्रुफं वाचताना हे मी शेकडो वेळा अनुभवलं आहे. पानं सरसर पुढे जातात, कुठे अडखळायला होत नाही, आज हात चांगला बसलाय असं वाटतं. होतं असं, की दमलेला मेंदू अक्षरं बघायचं सोडून अर्थ वाचायला लागतो. ‘परिस्थिती’ या शब्दातली एक वेलांटी ऱ्हस्व पडली असली तरी त्याला ‘परिस्थिती’च दिसतं, कारण तिथे तोच शब्द असणार हे त्याला ठाऊक असतं. लेखनात याचं रूप म्हणजे वाक्यं भराभर सुचणं, आणि दुसऱ्या दिवशी वाचलं की ती सगळी आपलीच जुनी, तयार वाक्यं निघणं. पहिल्या तासाभरात आलेल्या वेगावर विश्वास ठेवा. दुसऱ्या तासाच्या शेवटी आलेल्या वेगावर ठेवू नका.

याची मोठी किंमत मी एकदा मोजली आहे. एक पुस्तक दुसऱ्या दिवशी छपाईला जायचं होतं. सकाळपासून जवळजवळ सलग सहा तास वाचत होते, मध्ये फक्त पाणी प्यायला उठले असेन. शेवटी मुखपृष्ठ आलं. आतली तीनशे पानं झाल्यावर मुखपृष्ठावर वाचण्यासारखं असतंच किती? नाव, लेखिका, प्रकाशन. मी सही केली. पुस्तक छापून आलं तेव्हा कण्यावर लेखिकेच्या आडनावातलं एक अक्षर गळलेलं होतं. आत एकदाही चुकलं नव्हतं, कण्यावर चुकलं. मोठ्या अक्षरांतली चूक सुटणं आमच्या कामात नेहमीचंच, कारण तिथे कोणी अक्षरं वाचत नाही, नुसतं ओळखतो. पण ताजी असते तर मी पट्टी ठेवून एकेक अक्षर वाचलं असतं. प्रत्येक प्रतीवर कागदाची पट्टी चिकटवावी लागली. लेखिकेचं ते पहिलं पुस्तक होतं. त्या मला काही बोलल्या नाहीत, आणि मला ते आजही बोचतं. त्या दिवसापासून माझा एक नियम आहे: सही करायची, पाठवायची, पुसायची कोणतीही गोष्ट बैठकीच्या शेवटी करायची नाही. ती विसाव्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत करायची. तुमच्याकडे याचा अर्थ असा, की मार्गदर्शकांना प्रकरण पाठवायचं तर उठून, फिरून, परत बसल्यावर पाठवा.

उठायचं कसं, यावर कोणी फारसं बोलत नाही, आणि माझ्या मते अर्ध्याहून जास्त गोष्ट तिथेच आहे. तंद्री मोडते ही तुमची तक्रार घंटेबद्दल आहे, पण घंटेपेक्षा जास्त नुकसान होतं ते काम अर्धवट टाकून काहीही न टिपता उठल्याने. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवलं, की एक काम सोडून दुसऱ्याकडे वळलं तरी लक्षाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो. विसाव्याचंही तसंच. शरीर खिडकीपाशी आणि डोकं अजून चौथ्या परिच्छेदात. पुढे २०१८ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने यावरचा उपायही तपासला. कुठे थांबलो आणि परत आल्यावर काय करायचं, हे मिनिटभरात लिहून ठेवलं की ते अडकणं कमी होतं. मी हे लेरॉय यांचं नाव कळायच्या आधीपासून करते. उठताना समासात असं काहीतरी लिहिते: ‘ओळ ९ पर्यंत. तिथला/तेथील, पान ८७ बघ.’ एवढंच. परत आल्यावर विचार करावा लागत नाही, पान ८७ उघडायचं असतं. हाताला काम मिळतं आणि पाठोपाठ डोकं येतं.

लेखनात याहून चांगली सोय आहे. परिच्छेद पुरा करून उठू नका. पुढचं वाक्य काय आहे हे माहीत असताना थांबा, आणि त्या वाक्याचे तीन-चार शब्द तुटकपणे लिहून ठेवा. आपल्याला वाटतं की आधी हा मुद्दा संपवू, मग उठू. पण मुद्दा संपला की परत येताना समोर कोरी जागा असते, आणि कोऱ्या जागेकडे यायला कोणाचाच पाय उचलत नाही. तुमची पाच मिनिटांची चाळीस होतात, त्यातली निम्मी तरी या कोऱ्या जागेमुळे होत असावीत.

उरलेली निम्मी फोनमुळे. त्यासाठी स्वतःला बोल लावू नका, त्यामागे कारण आहे. २०२२ मध्ये पॅरिसमधल्या संशोधकांनी लोकांना सहा तासांहून जास्त वेळ अवघड बौद्धिक काम दिलं आणि मेंदूच्या कपाळामागच्या भागातली रसायनं मोजली. तिथे ग्लुटामेट नावाचं रसायन साठलेलं दिसलं. ही माणसं नंतर निवड करताना कमी कष्टाचं, लवकर हाती येणारं तेच निवडत होती. फोनपेक्षा कमी कष्टाचं आणि लवकर हाती येणारं दुसरं काय आहे? तीन तासांनी उठलेला माणूस फोन उचलणारच. पन्नासाव्या मिनिटाला उठलेल्या माणसाला नाही म्हणायला बळ उरलेलं असतं. तरीही फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, पालथा घालून टेबलावर नको.

विसाव्यात काय करायचं ते कामाने काय खर्च केलं त्यावर ठरतं. मी दिवसभर वाचते, म्हणून विसाव्यात एक अक्षरही वाचत नाही. वर्तमानपत्र नाही, संदेश नाही, डब्यावरची माहितीसुद्धा नाही. फोन बघणं म्हणजे लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या माणसाने सुट्टीतही तेच काम चालू ठेवणं. तुम्हालाही तोच नियम लागू आहे. उलट जो दिवसभर उभं राहून, ओझी उचलून काम करतो, त्याचा विसावा बसून वाचणं असू शकतो. दिवसभर माणसांशी बोलणाऱ्याला दहा मिनिटं गप्प राहणं पुरतं. एकट्याने लिहिणाऱ्याला कुणाशी तरी दोन शब्द बोलून बरं वाटतं.

डोळ्यांचं वेगळं बघावं लागतं. जवळचं बघताना डोळ्याच्या आतला एक स्नायू आवळलेला असतो, तो साधारण सहा मीटरच्या पुढे पाहिलं की सैल सोडतो. शिवाय पडद्याकडे बघताना आपण पापण्या नेहमीपेक्षा कमी मिटतो, म्हणून डोळे कोरडे पडून चुरचुरतात. डोळ्यांचे डॉक्टर दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांवर बघायला सांगतात, ते यासाठी. त्याने तंद्री मोडत नाही, कारण जागचं उठायचं नसतं. वाक्य जुळवताना माणूस तसाही वर बघतोच. फक्त भिंतीकडे न बघता खिडकीबाहेर बघा, आणि तेव्हा चार-पाच वेळा डोळे पूर्ण मिटा. टेबल खिडकीला काटकोनात ठेवलं की हे आपोआप होतं.

पाच-दहा मिनिटांच्या छोट्या विसाव्यांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२२ मध्ये निघाला. दहा मिनिटांपर्यंतच्या विसाव्यांनी उत्साह वाढतो आणि थकवा कमी होतो हे त्यात स्पष्ट दिसलं. पण डोकं पिळून काढणाऱ्या कामाची गुणवत्ता तेवढ्याने सुधारतेच असं दिसलं नाही. माझाही अनुभव तोच. पहिल्या दोन बैठकांच्या मध्ये दहा मिनिटं पुरतात, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या बैठकीच्या मध्ये अर्धा-पाऊण तास लागतो, आणि तो घराबाहेर चालण्यात गेला तर फरक तिसऱ्या बैठकीच्या पहिल्याच पानावर दिसतो. दुपारी झोपायची सोय असेल तर जरूर झोपा, पण गजर लावून. नासाने लांबच्या उड्डाणांवरच्या वैमानिकांना पाळीपाळीने ४० मिनिटं डुलकीसाठी दिली होती. ते सरासरी २६ मिनिटं झोपले आणि पुढे जास्त सावध राहिले. तासभर झोपलं की गाढ झोपेतून उठावं लागतं आणि पुढचा अर्धा तास जडपणात जातो.

परीक्षेसाठी पाठांतर करणाऱ्यांसाठी एक गोष्ट, तुमच्या प्रश्नात नसली तरी. नवीन काही वाचल्यानंतर लगेच दुसरं काही डोक्यात घालण्याऐवजी दहा मिनिटं अंधाऱ्या, शांत जागी नुसतं बसलं, तर ते जास्त लक्षात राहतं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तो फायदा सात दिवसांनीही टिकलेला आढळला. काहीही न करणं हेही तिथे अभ्यासातच धरायचं.

आता तीन तासांच्या तंद्रीचं. ती खरी असेल, म्हणजे पानं होत असतील आणि दुसऱ्या दिवशी वाचताना ती चांगली वाटत असतील, तर मी ती मोडा म्हणणार नाही. असे दिवस मोजके येतात. फक्त दोन गोष्टी पाळा. तासाला एकदा उभे राहा, बसायला लगेच परत या, वाक्य डोक्यात असू द्या. पाठ आणि पाय मोकळे होतील एवढाच हेतू. आणि तंद्री संपली की त्या दिवशी दुसरी लांब बैठक लावू नका. तीन तासांची तंद्री झाली म्हणजे त्या दिवसाचा बहुतेक साठा संपला. तुम्ही त्यानंतर दुपारी परत बसून तेच करायला जाता, ते होत नाही, आणि डोकं बधिर झालं असं म्हणता. ते बधिर झालेलं नाही, त्याचं काम करून झालं आहे.

ज्यांना मनाप्रमाणे उठता येत नाही, घरी लहान मूल आहे किंवा पाळीचं काम आहे, त्यांनी लांब विसाव्याची वाट बघू नये. २०११ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या एका प्रयोगात ५० मिनिटांच्या कंटाळवाण्या कामात फक्त दोनदा, क्षणभर दुसरीकडे लक्ष वळवायला लावलं, तेवढ्याने घसरण थांबली. पान उलटताना नजर उचलणं, उभं राहून दोन दीर्घ श्वास घेणं, हे त्यांनी मोकळ्या मनाने आणि वारंवार करावं.

तुम्ही उद्यापासून एक वही घ्या. फोनमधलं ॲप नको, ते उघडायला फोन हातात घ्यावा लागतो. बैठक सुरू झाली की वेळ लिहा. वर सांगितलेली पहिली खूण दिसली की वेळ लिहा, उठलात की लिहा. रचण्याचं काम होतं की तपासण्याचं, तेवढा एक शब्द पुढे. पंधरा दिवसांत सकाळचा आणि दुपारचा आकडा वेगवेगळा दिसायला लागेल. जी वेळ सारखी येते तिच्या सात-आठ मिनिटं आधी हळू वाजणारा गजर लावा. गजर झाला की लगेच उठायचं नाही. त्या सात-आठ मिनिटांत चालू वाक्य पुरं करायचं, पुढच्याचे तीन शब्द लिहायचे, मग उठायचं. घंटेने तंद्री तुटते ती अशा वेळी तुटत नाही, ती तुम्ही स्वतः खाली ठेवता.

आणि संदर्भसूची, तळटीपा, कोष्टकांतले आकडे हे सगळं हलकं काम म्हणून संध्याकाळसाठी ठेवत असाल, तर ते आधी तिथून काढा. ते पहाऱ्याचं काम आहे, आणि दमलेल्या नजरेतून सगळ्यात जास्त तेच सुटतं. दिवसाआड सकाळची दुसरी बैठक त्याला द्या, अर्ध्या तासाची. संध्याकाळी पत्रांची उत्तरं द्या, फायली लावा, उद्याच्या पहिल्या वाक्याचे तीन शब्द लिहून वही मिटा.